रडार नसलेल्या आकाशात विमाने एकमेकांना कशी टाळतात?

१९ नोव्हेंबर १९९६. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि उजेड कमी होत चालला होता. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी या छोट्या विमानतळावर युनायटेड एक्सप्रेसचे फ्लाइट ५९२५ उतरायला येत होते. बीचक्राफ्ट १९०० जातीच्या या विमानात १० प्रवासी आणि २ वैमानिक होते. विमानतळावर कंट्रोल टॉवर नव्हता. अशा ठिकाणी सगळे वैमानिक रेडिओच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत हे सांगतात, आणि त्यावरून एकमेकांना वाट देतात.

हे विमान धावपट्टी १३ वर उतरणार होते. तिला छेदणाऱ्या धावपट्टी ०४ च्या टोकाशी किंग एअर जातीचे एक विमान उड्डाणासाठी उभे होते आणि त्याच्या मागे पायपर चेरोकी हे छोटे विमान. उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर विचारले, की धावपट्टी ०४ वरचे विमान थांबणार आहे की उड्डाण करणार आहे? किंग एअरकडून उत्तर आले नाही. उत्तर दिले मागच्या चेरोकीने. आपण धावपट्टी ०४ वर उड्डाणासाठी थांबलो आहोत, असे त्याने सांगितले. मात्र त्याच वेळी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये जमिनीपासूनची उंची सांगणारे यंत्र बोलले आणि चेरोकीच्या उत्तराचा काही भाग त्यात बुडाला. उतरणाऱ्यांना वाटले, पुढचे विमानच ‘थांबतो’ म्हणाले. त्यांनी आभार मानले. हा गैरसमज कोणीही दुरुस्त केला नाही. काही क्षणांत किंग एअर धावू लागले आणि दोन्ही विमाने धावपट्ट्यांच्या छेदावर आदळली. दोन्ही विमानांतले मिळून १४ जण मृत्युमुखी पडले. धडकेतून वाचलेल्या प्रवाशांनाही बाहेर पडता आले नाही, कारण विमानाचा दरवाजा उघडला नाही आणि आग पसरली.

चौकशीत मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांवर ठेवला गेला. त्यांनी रेडिओकडे आणि समोरच्या वाहतुकीकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. पण या अपघातातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी योग्य प्रश्न विचारला होता आणि त्यांना उत्तरही मिळाले होते. त्यांच्या मनातले चित्र पूर्ण होते, पण चुकीचे होते. टॉवर किंवा रडार असते, तर ते चित्र बाहेरून तपासणारा कोणीतरी असता.

रडार नसलेल्या आकाशातली सुरक्षितता नेमकी इथे अडते. प्रत्येक वैमानिक आपापले चित्र मनात तयार करतो. ते बरोबर राहावे म्हणून कोणकोणते उपाय आहेत, आणि प्रत्येक उपाय कुठे तोकडा पडतो, हे या लेखात पाहू.

रडार नाही म्हणजे काय?

रडारच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचे आणि खालून उडणारे विमान क्षितिजाआड लपते. जमीन सपाट धरली, तर ३५,००० फुटांवरचे विमान सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरून रडारला दिसू शकते. ३,००० फुटांवरचे विमान मात्र सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे दिसत नाही. मध्ये डोंगर असतील तर अंतर आणखी कमी होते. त्यामुळे एखाद्या देशाचे सगळे वरचे आकाश रडारखाली असले, तरी लहान शहरांच्या विमानतळांजवळचे खालचे आकाश त्याबाहेर राहू शकते. नेमके तिथेच वरून उतरणारे प्रवासी विमान आणि खालून फिरणारे हलके विमान एकमेकांच्या वाटेत येतात.

रडारचेही दोन प्रकार आहेत. प्राथमिक रडार फक्त परावर्तित लहर पकडते. कुठे काहीतरी आहे एवढे त्यावरून कळते, उंची कळत नाही. दुय्यम रडार विमानाला विचारणा करते आणि विमानातले ट्रान्सपॉन्डर हे उपकरण ओळख व उंची कळवते. हा फरक भारताने फार मोठी किंमत देऊन अनुभवला आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांची टक्कर होऊन ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली गेले होते. दिल्लीच्या नियंत्रकाकडे तेव्हा प्राथमिक रडार होते. विमानांच्या उंचीसाठी त्याला वैमानिकांच्या शब्दावर विसंबावे लागत होते. क्विन्सीचा अपघात यानंतर अवघ्या आठवड्याने घडला.

रडारशिवायही नियंत्रण असते

रडार नाही म्हणजे नियंत्रक नाहीच, असे नाही. जगाच्या मोठ्या भागात, विशेषतः समुद्रांवर, नियंत्रक रडारशिवाय अनेक दशके काम करत आले आहेत. वैमानिक ठरलेल्या बिंदूवर पोचला की वेळ, उंची आणि पुढच्या बिंदूची अपेक्षित वेळ कळवतो. नियंत्रक ती नोंद कागदाच्या पट्टीवर किंवा संगणकावर ठेवतो आणि हिशेबाने विमाने वेगळी ठेवतो. एका उंचीवर, एका मार्गाने जाणाऱ्या दोन विमानांत साधारण दहा ते पंधरा मिनिटांचे अंतर, किंवा मग उंचीत किमान १,००० फुटांचा फरक, अशी ही पद्धत आहे. रेल्वेत पुढची गाडी स्टेशनातून सुटल्याची खबर आल्याशिवाय मागची सोडत नाहीत, तसेच काहीसे.

ही पद्धत सुरक्षित आहे, पण तिला एक अट आहे. नियंत्रकाला विमान माहीत असले पाहिजे. हलक्या विमानांच्या बाबतीत ही अट अनेकदा पूर्ण होत नाही.

कोण कोणाला टाळतो?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आकाशाचे ए ते जी असे सात वर्ग केले आहेत. उड्डाणांचेही दोन प्रकार आहेत. आयएफआर म्हणजे उपकरणांच्या आधारे, ढगांतूनही करता येणारे उड्डाण. नियमित प्रवासी विमाने जवळजवळ नेहमी असेच उडतात. व्हीएफआर म्हणजे बाहेर पाहून, ढगांपासून दूर राहून केलेले उड्डाण. हौशी वैमानिक आणि शिकाऊ विद्यार्थी बहुधा असे उडतात.

ए वर्गात फक्त आयएफआर उड्डाणांना परवानगी असते आणि नियंत्रक सगळ्यांना वेगळे ठेवतो. सी वर्गात आयएफआर विमानाला व्हीएफआर विमानापासूनही वेगळे ठेवले जाते. आपला विषय आहे शेवटचे काही वर्ग.

ई वर्गात नियंत्रक आयएफआर विमानांना एकमेकांपासून वेगळे ठेवतो. व्हीएफआर विमानाला मात्र तिथे शिरण्यासाठी परवानगी लागत नाही. म्हणजे शंभर-दीडशे प्रवासी घेऊन उतरणारे जेट नियंत्रकाच्या देखरेखीखाली असते आणि त्याच हवेतून दोन आसनी विमान नियंत्रकाशी एक शब्दही न बोलता जाऊ शकते. दोघांनी एकमेकांना पाहून टाळायचे असते.

जी वर्गात नियंत्रण नसतेच. आयएफआर विमानांना शक्य तेवढी माहिती दिली जाते, पण वेगळे राहण्याची जबाबदारी सर्वस्वी वैमानिकांची.

‘नियंत्रकाशी संपर्कात आहोत’ आणि ‘नियंत्रक आपल्याला इतरांपासून वेगळे ठेवतो आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९ फेब्रुवारी २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मँगलोर गावाजवळ (कर्नाटकातल्या मंगळूरशी याचा संबंध फक्त नावापुरता) दोन प्रशिक्षण विमानांची हवेत टक्कर झाली आणि चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही उड्डाणे आयएफआर होती. दोन्ही विमानांना एकमेकांची माहिती रेडिओवरून मिळाली होती. पण आकाश जी वर्गाचे होते. माहिती देणे हे नियंत्रकाचे काम होते. वेगळे राहायचे कसे, हे वैमानिकांनी ठरवायचे होते.

उंचीचा नियम

सगळ्यात साधा उपाय कोणतेही यंत्र न वापरता चालतो. होकायंत्रानुसार ० ते १७९ अंशांच्या दिशेने, म्हणजे ढोबळपणे पूर्वेकडे जाणारी आयएफआर विमाने विषम हजारांवर उडतात: ५,०००, ७,०००, ९,००० फूट. पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर: ६,०००, ८,०००, १०,००० फूट. व्हीएफआर विमाने त्यात ५०० फूट मिळवतात. त्यामुळे ७,००० फुटांवरच्या प्रवासी विमानाच्या डोक्यावर ७,५०० फुटांवरून हलके विमान गेले, तरी दोघांत ५०० फूट उरतात.

सरळ, समान उंचीवरच्या प्रवासात हा नियम चोख काम करतो. अडचण विमानतळाजवळ येते. उतरणारे किंवा चढणारे विमान या सगळ्या थरांना छेदत जाते आणि धोका मुख्यतः तिथेच असतो.

रेडिओवरचे चित्र

टॉवर नसलेल्या विमानतळाला ठरलेली एक सामाईक फ्रिक्वेन्सी असते. ऑस्ट्रेलियात वेगळी फ्रिक्वेन्सी नेमलेली नसेल तर १२६.७ मेगाहर्ट्झ वापरतात. विमान साधारण १० सागरी मैलांवर, म्हणजे साडेअठरा किलोमीटरवर येण्याआधी वैमानिक आपली माहिती देतो: आधी विमानतळाचे नाव, मग विमानाचा प्रकार आणि ओळख, जागा, उंची, हेतू, पोचण्याची वेळ आणि शेवटी पुन्हा विमानतळाचे नाव. नाव दोनदा घेण्याला कारण आहे. एकच फ्रिक्वेन्सी जवळपासचे दोन-तीन विमानतळ वापरत असतात आणि ऐकणाऱ्याचा पहिला शब्द निसटण्याची शक्यता असते.

ऐकायला सोपी वाटणारी ही पद्धत अनेक ठिकाणी फसू शकते.

फ्रिक्वेन्सीचा एक आकडा चुकला, तर वैमानिक मनापासून बोलत राहतो आणि कोणालाच ऐकू जात नाही. कोणी उत्तर दिले नाही म्हणजे आसपास कोणी नाही, असे त्याला वाटते. शांततेचा अर्थ ‘आकाश मोकळे आहे’ असाही होतो आणि ‘तुमचा रेडिओ चुकीच्या जागी आहे’ असाही. यावर ऑस्ट्रेलियात एक साधे उत्तर शोधले आहे. अनेक विमानतळांवर एक स्वयंचलित उपकरण बसवलेले असते. बराच वेळ शांतता असेल आणि वैमानिक बोलला, तर ते विमानतळाचे नाव उच्चारते; नुकतेच कोणी बोलून गेले असेल तर फक्त ‘बीप’ देते. तेवढ्यावरून आपण बरोबर फ्रिक्वेन्सीवर आहोत हे वैमानिकाला कळते.

दोघे एकाच वेळी बोलले, तर ऐकणाऱ्यांना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि दोन्ही निरोप वाया जातात. बोलणाऱ्या दोघांना मात्र याचा पत्ताही नसतो. जमिनीवर उभ्या असलेल्या दोन विमानांमध्ये इमारत किंवा उंचवटा असेल, तरी आवाज तुटक येऊ शकतो.

भाषेची अडचणही आहे. प्रवासी विमानाचे वैमानिक उपकरणांच्या नकाशावरच्या बिंदूंची नावे घेऊन आपली जागा सांगतात. ज्याने तो नकाशा कधी उघडलेला नाही, अशा हौशी वैमानिकाला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून अशा ठिकाणी ‘विमानतळाच्या पूर्वेला १० मैल, ४,००० फूट, उतरतो आहे’ असे साध्या शब्दांत सांगावे, अशी शिकवण दिली जाते.

शेवटची अडचण क्विन्सीचीच: ऐकू येते, पण अर्थ वेगळा लागतो. ६ जून २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातील मिल्ड्युरा विमानतळावर एक डॅश ८ प्रवासी विमान आणि एक पायपर पीए-२८ यांनी एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवरून जवळजवळ एकाच वेळी उड्डाण सुरू केले. पायपरचा वैमानिक रेडिओवर बोलला होता. पण तो धावपट्टी ३६ वर असताना ‘३५’ म्हणाला. मिल्ड्युराला ३५ क्रमांकाची धावपट्टी नाही. शेजारच्या वेंटवर्थला ती आहे आणि दोन्ही विमानतळांची फ्रिक्वेन्सी एकच. डॅश ८ च्या वैमानिकांनी अर्थ लावला, की हे विमान वेंटवर्थला आहे. सुदैवाने टक्कर झाली नाही. क्विन्सीनंतर सत्तावीस वर्षांनीही चूक त्याच जातीची होती. मिळालेला शब्द आधीच्या चित्रात इतका नीट बसला, की पुन्हा विचारावे असे कोणाला वाटले नाही.

डोळ्यांचा हिशेब

आता शेवटच्या आधाराकडे येऊ: बाहेर पाहणे आणि टाळणे. ‘आकाश स्वच्छ होते, मग दिसले कसे नाही?’ हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर विचारला जातो. त्याचे उत्तर गणितात आहे.

समोर काहीतरी दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत किती वेळ लागतो, याचा एक अंदाज अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने दिला आहे आणि तो जगभर शिकवला जातो. वस्तू नजरेत येणे ०.१ सेकंद, ती विमान आहे हे ओळखणे १ सेकंद, टक्कर होऊ शकते हे लक्षात येणे ५ सेकंद, काय करायचे ते ठरवणे ४ सेकंद, हात हलवणे ०.४ सेकंद आणि विमानाने प्रतिसाद देणे २ सेकंद. एकूण साडेबारा सेकंद.

१०,००० फुटांखाली विमानांना बहुतेक ठिकाणी २५० नॉटची वेगमर्यादा असते. समजा, या वेगाने उतरणारे प्रवासी विमान आणि १०० नॉटने येणारे हलके विमान समोरासमोर आहेत. दोघांचा मिळून वेग ३५० नॉट, म्हणजे सेकंदाला १८० मीटर. साडेबारा सेकंदांत हे अंतर होते सव्वादोन किलोमीटर. म्हणजे इतक्या लांबून तरी ते दिसलेच पाहिजे.

सव्वादोन किलोमीटरवरून ११ मीटर पंखांचे सेसना १७२ किती मोठे दिसते? रुपयाचे नाणे साडेचार मीटरवर धरले तर जेवढे रुंद दिसते, तेवढे. तेही नाणे सपाट नव्हे, कडेने धरलेले, कारण समोरून पाहताना पंखाची फक्त जाडी दिसते. धुरकट आकाशात, कॉकपिटमध्ये उतरण्याची तयारी चालू असताना, ही रेघ शोधायची आहे.

ढग असतील तर हिशेब आणखी बिघडतो. व्हीएफआर विमानाने ढगांपासून आडवे १,५०० मीटर दूर राहावे, असा सर्वसाधारण नियम आहे. त्या विमानाने नियम तंतोतंत पाळला आणि २५० नॉटच्या वेगाने जेट ढगातून बाहेर पडले, तर वरच्या उदाहरणात दोघांकडे सव्वाआठ सेकंद उरतात. लागतात साडेबारा.

यात भर पडते एका दृष्टिभ्रमाची. दोन विमाने टक्कर होईल अशा मार्गावर स्थिर वेगाने येत असतील, तर दुसरे विमान काचेवर एकाच जागी थिजल्यासारखे दिसते. डोळा हालचाल चटकन पकडतो, स्थिर ठिपका नाही. जे विमान काचेवर सरकताना दिसते, ते बहुधा धोक्याचे नसते. जे सरकत नाही, तेच धोक्याचे असते, आणि काचेवरच्या किड्याच्या डागासारखे ते शेवटच्या काही सेकंदांपर्यंत लहानच राहते.

विमानाची बांधणीही आड येते. पंख वर असलेल्या विमानातून वरचे दिसत नाही, पंख खाली असलेल्यातून खालचे. वरून उतरणाऱ्या विमानाच्या पंखाखाली आणि खालून चढणाऱ्याच्या पंखावर एकाच वेळी दोघे लपलेले असू शकतात.

२५ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगोवर पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ आणि सेसना १७२ यांची टक्कर झाली. जमिनीवरच्या सात जणांसह १४४ जण दगावले. तिथे रडार होते. नियंत्रकाने ७२७ च्या वैमानिकांना सेसनाची माहिती दिली होती आणि ‘पाहून वेगळे राहा’ असे सांगितले होते. सेसना नजरेआड झाल्याचे वैमानिकांनी नियंत्रकाला स्पष्ट सांगितले नाही.

ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास विभागाने १९९१ मध्ये या विषयावर एक अहवाल काढला. त्यातला सर्वांत उपयोगी मुद्दा हा, की कुठे पाहायचे हे आधी माहीत असेल तर शोध सुमारे आठपट परिणामकारक होतो. म्हणजे डोळे आणि रेडिओ हे दोन वेगळे उपाय नाहीत. रेडिओवर माहिती मिळाली तरच डोळ्यांचा खरा उपयोग होतो.

टीकॅस: विमानांचा आपसातला संवाद

१९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे एरोमेक्सिकोचे डीसी-९ आणि एक पायपर विमान आदळून ८२ जणांचा मृत्यू झाला. पायपरच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये उंची कळवण्याची सोय नव्हती. त्यानंतर अमेरिकेत ३० पेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी विमानांना टीकॅस ही टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. चरखी दादरीनंतर भारतानेही ती सक्ती आणली.

टीकॅसला जमिनीवरच्या रडारची गरज नसते. ते स्वतः आसपासच्या ट्रान्सपॉन्डरना विचारणा करते, मिळालेल्या उत्तरांवरून अंतर आणि उंची काढते आणि टक्कर किती सेकंदांवर आहे याचा हिशेब करते. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा येतो. धोका वाढला तर चढा किंवा उतरा असा आदेश येतो. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर दोन्ही यंत्रे आपसात ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. रडार नसलेल्या आकाशात हा फार मोठा आधार आहे.

पण त्याच्या मर्यादा नेमक्या हलक्या विमानांपाशीच उघड्या पडतात. ट्रान्सपॉन्डर नसलेले विमान टीकॅसला दिसतच नाही. ट्रान्सपॉन्डर बंद असेल, तरी तेच. ट्रान्सपॉन्डर उंची कळवत नसेल, तर नुसता इशारा मिळतो, कुठे वळायचे हा आदेश मिळत नाही. शिवाय जमिनीपासून साधारण १,००० फुटांखाली टीकॅस आदेश देणे थांबवते, कारण तिथे ‘खाली जा’ म्हणणेही घातक ठरेल. म्हणजे धावपट्टीच्या अगदी जवळ, जिथे वाहतूक सर्वांत दाट असते, तिथे पुन्हा रेडिओ आणि डोळेच उरतात.

ट्रान्सपॉन्डर किती महत्त्वाचा आहे, हे ब्राझीलमध्ये २९ सप्टेंबर २००६ रोजी दिसले. ॲमेझॉनच्या जंगलावर गोल कंपनीचे बोइंग ७३७ आणि एम्ब्रेअर लेगसी हे छोटे खासगी जेट समोरासमोर आदळले. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर सिग्नल देत नव्हता, त्यामुळे कोणत्याच विमानात टीकॅसचा इशारा वाजला नाही. बोइंगमधील सर्व १५४ जण गेले. लेगसी उतरू शकले. उपग्रहाधारित दिशादर्शनामुळे दोन्ही विमाने मार्गाच्या रेषेवर अगदी काटेकोर होती. पूर्वीच्या ढिल्या दिशादर्शनात ती कदाचित काहीशे मीटरनी एकमेकांना चुकली असती.

एडीएस-बी: स्वस्त डोळा

रडारचा खर्च परवडत नाही तिथे आता एडीएस-बी वापरतात. विमान उपग्रहावरून आपली जागा काढते आणि साधारण सेकंदाला दोनदा ती रेडिओवर प्रसारित करते. जमिनीवर फक्त ती ऐकणारे केंद्र लागते आणि ते रडारपेक्षा कितीतरी स्वस्त असते. ऑस्ट्रेलियाचे रडार मुख्यतः दाट वस्तीच्या किनारपट्ट्यांपुरते असल्याने त्या देशाने हे तंत्र लवकर स्वीकारले. २ फेब्रुवारी २०१७ पासून तिथे सर्व आयएफआर विमानांना एडीएस-बी सक्तीचे आहे.

व्हीएफआर विमानांना मात्र ती सक्ती सरसकट नाही. त्यांच्यासाठी हातात मावणारी, काचेवर चिकटवता येणारी छोटी उपकरणे निघाली आहेत आणि ऑस्ट्रेलियन सरकारने त्यांच्या खरेदीसाठी अनुदानही दिले. समोरच्या विमानात हे प्रसारण पकडणारा पडदा असेल, तर हलके विमान पुष्कळ आधी दिसते. पडदा नसेल, तर प्रसारण हवेत विरून जाते.

वाद कशाचा आहे?

ही सगळी साधने असताना प्रश्न सुटत का नाही? ऑस्ट्रेलियाचा अनुभव याचे चांगले उदाहरण आहे. २७ नोव्हेंबर २००३ रोजी तिथे आकाशाची नवी रचना लागू झाली. अमेरिकेच्या धर्तीवर बराच भाग ई वर्गात आला आणि हलक्या विमानांना परवानगीची कटकट कमी झाली. महिना उलटायच्या आत, २४ डिसेंबरला टास्मानियातल्या लॉन्सेस्टनजवळ उतरणारे बोइंग ७३७ आणि टोबॅगो जातीचे हलके विमान धोकादायकरीत्या जवळ आले. बोइंगच्या टीकॅसने इशारा दिला. कोणाला इजा झाली नाही, पण वाद पेटला आणि पुढच्या वर्षी त्या रचनेतले काही बदल मागे घेण्यात आले.

बदलाच्या बाजूचे म्हणत, की अमेरिकेत ई वर्ग सगळीकडे आहे आणि तिथली वाहतूक कितीतरी जास्त आहे. विरोधकांचे उत्तर होते, की अमेरिकेत बहुतेक ठिकाणी खालच्या उंचीवरही रडार आहे, इथे नाही. कागदावरचा वर्ग एकच असला, तरी त्यामागचा आधार वेगळा आहे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे. दिवसाला दोन विमाने येणाऱ्या गावात टॉवर बांधून माणसे नेमणे परवडत नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या, हौशी वैमानिकाच्या विमानात महाग उपकरणे सक्तीची केली तर छोटी विमान वाहतूकच आटते, आणि तिच्यातूनच तर उद्याचे वैमानिक तयार होतात. पण प्रवासी विमानाची सगळी यंत्रणा समोरच्याने ‘मी इथे आहे’ असे सांगण्यावर चालते. कोट्यवधींचे टीकॅसवाले जेट आणि ट्रान्सपॉन्डर नसलेले दोन आसनी विमान एकत्र आले, तर दोघांतले संरक्षण दोन आसनी विमानाएवढेच असते.

आपल्याकडे याचा संबंध कुठे येतो?

महाराष्ट्रात गोंदिया आणि जळगाव येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आणि नियमित प्रवासी सेवा एकच धावपट्टी वापरतात. लहान शहरांना विमानसेवा मिळत जाईल तशी शिकाऊ विमान आणि प्रवासी विमान यांची अशी शेजारगत वाढेल. ही शेजारगत किती नाजूक असते, हे ५ मार्च २०२४ रोजी केनियात दिसले. नैरोबीच्या विल्सन विमानतळाजवळ ४४ जणांना घेऊन निघालेले डॅश ८ आणि प्रशिक्षणाचे सेसना १७२ यांची टक्कर झाली. डॅश ८ सुखरूप परतले. सेसनातील विद्यार्थी आणि प्रशिक्षक दोघेही वाचले नाहीत.

शिवाय आपली अनेक मुले व्यावसायिक परवान्यासाठी ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशा देशांत जातात आणि टॉवर नसलेल्या विमानतळांवर शेकडो तास उडतात. त्यांना तिथे शिकवल्या जाणाऱ्या सवयी साध्या आहेत. निघण्याआधी फ्रिक्वेन्सी दोनदा तपासा. ट्रान्सपॉन्डर उंचीसह चालू ठेवा. दिवसाही दिवे लावा. धावपट्टीचा क्रमांक होकायंत्राशी जुळवून मगच उच्चारा. दुसऱ्या विमानाचा आवाज ऐकला तर ते कुठे आहे हे स्वतःला सांगता येईपर्यंत विचारत राहा. आणि उत्तर मिळाले, तर ते कोणाकडून आले हे ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यातली शेवटची सवय क्विन्सीच्या त्या संध्याकाळी निर्णायक ठरली असती. उत्तर देणारे विमान कोणते, एवढे पुन्हा विचारायला दोन सेकंद लागले असते.